ड्रिल बिट: मोठा संच घ्यावा की मोजकी घेऊन धार लावायला शिकावं?

अडगळवाला (धागाकर्ता)

घराच्या मागच्या खोलीत दोन वर्षांपासून छोटं वर्कशॉप मांडलंय. हातातलं एक ड्रिल मशीन, टेबलावरचं एक छोटं बेंच ड्रिल, बेंच व्हाइस आणि एक ग्राइंडर, ज्यावर आजवर फक्त पटाशीला धार लावली आहे. काम सगळं मिसळलेलं: लाकडाची फडताळं, पत्रा, लोखंडी अँगल, कधीमधी भिंत.

गेल्या रविवारी स्टेनलेसच्या ३ मिमी जाड पट्टीत ८ मिमीची सहा भोकं पाडायची होती. पहिलंच भोक अर्ध्यावर आलं आणि बिट किंचाळायला लागलं. जोर वाढवला. धूर आला. दुसरं बिट लावलं, मग तिसरं. तिन्हींची टोकं काळीनिळी झाली आणि पट्टीत आरशासारखी चकचकीत वाटी तयार झाली, आत बघून भांग पाडावा अशी. भोक मात्र नाही.

बिटं सोनेरी, ९९ नगांच्या संचातली. आता पुन्हा असाच मोठा पण जरा बरा संच घ्यावा, की चार-पाच चांगली बिटं घ्यावीत आणि धार लावायला शिकावं? कोबाल्टचं नाव ऐकून आहे. घरच्या घरी हाताने लावलेली धार खरंच कामाची असते का, की ती फक्त जुन्या लोकांची फुशारकी?

गंजलेली कात्री

मशीन उलटं फिरत नव्हतं ना? (ह. घ्या.)

अडगळवाला

नव्हतं. दोनदा बघितलं. पहिल्यांदा मनात आलं म्हणून आणि दुसऱ्यांदा बायकोने विचारलं म्हणून.

शंकेखोर

वेग किती ठेवला होता? तेल टाकलं होतं का? हे न सांगता बिटाला दोष देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

अडगळवाला

बटण पूर्ण दाबून. मशीनवर २८०० फेरे लिहिलेत. तेल नव्हतं.

मिलीमीटर

झालं. उत्तर इथेच आहे.

बिटाच्या कडेचा वेग काढायचा असेल तर व्यास × ३.१४ × फेरे, भागिले १०००. म्हणजे ८ × ३.१४ × २८०० ÷ १००० = मिनिटाला ७० मीटर. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाला स्टेनलेसमध्ये मिनिटाला १० मीटरच्या आसपास मानवतं. तुम्ही त्याला सातपट पळवलंत, तेही कोरडं.

उलट हिशेब केला तर १० मीटरसाठी ८ मिमीच्या बिटाला मिनिटाला जेमतेम ४०० फेरे लागतात. मऊ लोखंडात २५ ते ३० मीटर चालतात, म्हणजे याच बिटाला हजारभर फेरे. ॲल्युमिनियममध्ये त्याहून कितीतरी जास्त. आणि बिट जेवढं जाड तेवढे फेरे कमी, हे लोक हमखास विसरतात. ३ मिमीला जो वेग बरोबर, तो १२ मिमीला चौपट जास्त.

ती आरशासारखी वाटी मात्र वेगळी भानगड आहे. स्टेनलेस घासलं, दाबलं की त्या जागी कडक होत जातं. बिट कापायचं थांबून नुसतं घासायला लागलं की खालचा थर अजून कडक होतो, मग धार अजून जाते, मग अजून घासतं. तुमची दुसरी आणि तिसरी बिटं पहिल्याने कडक करून ठेवलेल्या जागेवर बळी गेली. स्टेनलेसमध्ये एकच नियम: वेग कमी, दाब भरपूर, आणि कीस निघत राहिला पाहिजे. कीस थांबला की बिट उचला, उगाच फिरवत बसू नका.

तुमची पट्टी अजून वाचेल. नवीन, धारदार कोबाल्टचं बिट घ्या, मागच्या बाजूने सुरुवात करा, ४०० फेरे, थेंब थेंब कटिंग ऑइल.

गंजलेली कात्री

वाचनखूण साठवली. मी आजवर "आवाज आला की जोर वाढव" हा एकच नियम पाळत आलो.

निवृत्त फिटर

चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, म्हणून दोन शब्द.

पहिलं, सोनेरी रंगाला भुलू नका. टायटॅनियम नायट्राइडचा खरा थर असतो तो चांगलाच. पण तो इतका पातळ असतो की आत्ता आला की गेला, आणि पहिल्यांदा धार लावली की टोकावरून उडालाच. आतला पोलाद कसला आहे ते महत्त्वाचं. पुष्कळ स्वस्त संचांमध्ये सोनेरी रंगाखाली साधं कार्बन स्टील असतं.

ते ओळखायची युक्ती सांगतो. एखादं मेलेलं बिट ग्राइंडरला हलकं टेकवा आणि ठिणग्या बघा. पिवळ्या-पांढऱ्या, लांब जाणाऱ्या, टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असल्या तर कार्बन स्टील. तांबूस, मंद, कमी, न फुटणाऱ्या रेषा आल्या तर एचएसएस. अंधाऱ्या कोपऱ्यात करा, लगेच कळतं. चष्मा लावून करा.

दुसरं, धार. फुशारकी नाही. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिला महिना त्याच्या हातात बोथट ड्रिलांचा डबा असायचा.

शंकेखोर

काका, पण ९९ नगांचा संच घेतल्यावर धार लावायला वेळ कुणाला आहे? बोथट झालं, टाकलं, पुढचं घेतलं. ३ मिमीच्या बिटावर दहा मिनिटं घालवणं मला पटत नाही.

निवृत्त फिटर

३ मिमीवर मीही घालवत नाही. ५ च्या खालचं मोडतंच, बोथट व्हायची वेळ क्वचित येते. पण १० मिमीचं चांगलं ड्रिल एका बोथट टोकापायी कचऱ्यात? ते अजून तीसेक वेळा धार घेईल.

कानस

काकांना अनुमोदन. मी मूर्तिकामाचे लोखंडी सांगाडे करते. माझ्याकडे एक १२ चं बिट आहे, घेतलं तेव्हा माझ्या करंगळीपासून मनगटापर्यंत यायचं. आता तळहातात मावतं. अजून नव्यासारखं कापतं.

शंकेखोर

फोटो?

कानस

त्याच्या लहानपणीचा फोटो काढला नव्हता हो.

अडगळवाला

काका, ठिणग्यांची परीक्षा केली. तीन शहिदांपैकी दोघांनी अगदी फुलबाजी काढली. तिसऱ्याच्या मंद तांबूस. एकाच संचात, एकाच रंगात! म्हणजे त्या डब्यात काय काय आहे देव जाणे.

आता धार कशी लावायची ते सविस्तर सांगाल का? इंटरनेटवरचे व्हिडिओ बघितले, सगळे तीन सेकंदांत मनगट फिरवतात आणि "झालं" म्हणतात.

निवृत्त फिटर

सांगतो. पण आधी मशीन बंद ठेवून करा. खरंच. बंद चाकापुढे उभं राहून हाताला वळण लावा.

१० किंवा १२ मिमीचं ड्रिल घ्या. नवं एक तसंच शेजारी ठेवा, बघायला. टोकाचा कोन साध्या ड्रिलचा ११८ अंश असतो. म्हणजे चाकाच्या तोंडाशी ड्रिल निम्म्या कोनात, ५९ अंशांत धरायचं. डाव्या हाताचं बोट टेकूवर, त्या बोटावर ड्रिल, उजव्या हातात शेपूट. कापणारी धार आडवी, जमिनीला समांतर. हे जमलं की अर्धं काम झालं.

आता धार चाकाला टेकवा आणि शेपूट हळू खाली न्या. त्याबरोबर ड्रिल अंगठ्याने किंचित, अगदी किंचित फिरवा. शेपूट खाली गेली की धारेच्या मागची बाजू जास्त घासली जाते आणि तिथे उतार येतो. हा उतारच ड्रिलला कापू देतो. ८ ते १२ अंश पुरे. शेपूट धारेच्या वर मात्र कधीही उचलू नका. उचललीत की मागची टाच उंच राहील आणि ड्रिल नुसतं टेकून फिरेल, कापणार नाही. नव्या माणसाची दहातली आठ ड्रिलं याच कारणाने कापत नाहीत.

एका बाजूला दोन झटके, मग उलटवून दुसऱ्या बाजूला दोन. मोजून. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आणि सारख्या कोनाच्या झाल्या पाहिजेत.

तपासायचं कसं? दोन षटकोनी नट घ्या, सपाट बाजूला सपाट बाजू लावून धरा. मध्ये जी खाच पडते ती १२० अंशांची. त्यात टोक बसवून उजेडासमोर धरा. ११८ आणि १२० मधला फरक तुमच्या डोळ्याला दिसणार नाही, माझ्याही नाही. मग टोकाकडून सरळ बघा. मधोमध जी छोटी रेघ असते ती दोन्ही धारांशी तिरकी दिसली पाहिजे. पार आडवी-उभी चौकोनात दिसली तर मागचा उतार बिघडला.

आणि शेवटची परीक्षा जॉबवर, म्हणजे ज्यात भोक पाडायचं त्या तुकड्यावर. दोन्ही फ्लूटमधून (पिळाच्या खाचांमधून) सारख्या जाडीच्या कीसाच्या गुंडाळ्या आल्या तर जमलं. एकाच बाजूने येत असेल तर एकच धार राबते आहे, दुसरी फुकट पगार घेते आहे.

गंजलेली कात्री

शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसात लावतो.

मिलीमीटर

काका, दंडवत. एकच भर: धारा लहानमोठ्या झाल्या तर टोक मध्यावरून सरकतं आणि भोक मोठं पडतं. ८ चं बिट ८.३, ८.४ सुद्धा पाडतं. "बिटावर ८ लिहिलंय आणि बोल्ट खुळखुळतोय" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. बिट मोजायचं झाल्यास व्हर्नियर टोकाजवळच्या दोन कडांवर लावा, शेपटावर नको. बिट मागे जाताना अगदी थोडं निमुळतं असतं.

आणि धार लावताना शेजारी पाणी ठेवा, दर झटक्यानंतर बुडवा. टोक निळं पडलं की कडकपणा गेला.

निवृत्त फिटर

इथे मात्र थांबवतो. कार्बन स्टीलला तुमचं खरं. एचएसएसला नाही. ते कडक केल्यावर भट्टीत साडेपाचशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवलेलं (टेंपर केलेलं) असतं, निळा रंग तीनशेला येतो. निळं पडल्याने एचएसएस मरत नाही. उलट लालबुंद तापलेलं टोक गार पाण्यात चरचर बुडवलंत तर बारीक तडे जातात, आणि मग काम करताना धारेचा तुकडा उडतो. तुम्ही म्हणता, धार नीट लावली होती!

मिलीमीटर

काका, तत्त्व मान्य. पण हौशी माणसाला त्याच्या हातातलं कुठलं हे माहीत नसतं. वर बघा, एकाच डब्यात दोन्ही निघाली. अशा वेळी हात सहन करील इतकंच तापू देणं आणि वारंवार बुडवणं यात तोटा काय? तापलेलं बुडवणं आणि तापू न देणं वेगळं.

निवृत्त फिटर

हे पटलं. तापू न देण्यासाठी पाणी, तापल्यावर पाणी नाही. तापलंच तर हवेत गार होऊ द्या, तोवर दुसरं घ्या.

चकरीवाला

अवांतर: एचएसएसची गंमत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टेलर आणि व्हाइट या दोघांनी अमेरिकेत हे पोलाद घडवण्याची रीत शोधली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लेथवर चालवून दाखवली. हत्याराचं टोक तापून लाल झालेलं आणि तरी लोखंड कापतंय. तोपर्यंतच्या कारागिरांच्या हिशेबात तापलं म्हणजे मेलं. त्याआधी १८६३ मध्ये स्टीफन मोर्सने पीळदार बिटाचं पेटंट घेतलं होतं. मोठ्या ड्रिलच्या निमुळत्या शेपटाला आपण मोर्स टेपर म्हणतो तो हाच. त्याच्या आधी सपाट भाल्यासारखी टोकं असायची, कीस बाहेर यायला वाटच नाही.

सामता

आमच्याकडे लाकडात त्याआधीही भोकं पडत होतीच की. माझं नाव उगाच नाही घेतलेलं. आजोबांच्या सामत्याची (दोरीने फिरवायच्या जुन्या ड्रिलची) दोरी ओढायला मी लहानपणी बसायचो, ते दाबून धरायचे.

लाकडाबद्दल इथे कुणी बोललंच नाही म्हणून सांगतो. धातूचं बिट लाकडात चालतं, पण टोक भरकटतं आणि तोंडाशी लाकूड फाटतं. मधे अणकुची आणि कडेला दोन काटे असलेलं लाकडाचं बिट घ्या. काटे आधी रेषा कापतात, मग मधलं लाकूड निघतं. बिजागरीच्या मोठ्या सपाट तळाच्या भोकाला फोर्स्टनर. बेंजामिन फोर्स्टनरने १८७४ मध्ये पेटंट घेतलेलं डिझाइन अजून तसंच चालतंय. पण ते मोठं असतं म्हणून फेरे कमी. नाहीतर लाकूड जळतं, वास येतो आणि भोकाची भिंत काळी पडते. आणि पलीकडे एक टाकाऊ फळी घट्ट लावल्याशिवाय आरपार जाऊ नका.

लाकडाचं बिट चुकूनही भिंतीत घालू नका. माझ्या भावाने घातलं. आता बोलतो आम्ही एकमेकांशी, पण पूर्वीसारखं नाही.

तिरपी फुली

मूळ प्रश्नात भिंतही आहे. काँक्रीटचं बिट कापत नाही, ठोकून फोडतं आणि खरवडून बाहेर काढतं. टोकावरची कार्बाइडची चकती तेच करायला आहे. हॅमर मोड त्यासाठीच. मात्र आत सळई लागली तर हॅमर लगेच बंद करा आणि जागा बदला. सळईवर ठोकत बसलं की कार्बाइडचा कोपरा उडतो. मग ते बिट पुढे फक्त गरम होतं.

टाइलला हॅमर बंद. भाल्याच्या टोकाचं कार्बाइड किंवा हिऱ्याची पोकळ नळी, पाणी घालत, हळू. टाइल एकदा तडकली की धागा काढायला सुद्धा हात उठत नाही.

अडगळवाला

एक बाळबोध प्रश्न. ते बिट, तो बिट की ती बिट? इथे सगळ्यांनी "ते" लिहिलंय, पण आमच्या इथला वेल्डर "ती" म्हणतो.

गंजलेली कात्री

कापतंय तोवर ते, मोडला की तो, सापडत नसली की ती.

निवृत्त फिटर

आम्ही बिट म्हणतच नाही. ते ड्रिल, आणि फिरवतं ते ड्रिल मशीन.

शंकेखोर

व्याकरणाचा वेगळा धागा काढा. इथे अजून कोबाल्टचं उत्तर मिळालेलं नाही.

मिलीमीटर

कोबाल्ट म्हणजे थर नव्हे, पोलादातच मिसळलेलं असतं. एम३५ मध्ये साधारण ५ टक्के, एम४२ मध्ये ८ टक्के. तापल्यावरही कडक राहतं, म्हणून स्टेनलेसला योग्य. धार लावली तरी गुण जात नाही, कारण आरपार तेच आहे. तोटा एकच, जास्त कडक म्हणजे जास्त ठिसूळ. हातातल्या मशीनने जरा तिरकं झालं की कट्कन मोडतं. बेंच ड्रिलवर लावा, जॉब व्हाइसमध्ये पकडा. टोक बहुधा १३५ अंशांचं, मधली रेघ कापून बारीक केलेलं असतं, त्यामुळे ते पंच ठोकून केलेल्या खुणेवरून सरकत नाही.

सगळं कोबाल्टचं घेऊ नका. स्टेनलेसला जी मापं लागतात तेवढीच.

कानस

जॉब पकडण्यावरून. हे जरा रागानेच लिहितेय.

मागच्या वर्षी माझ्याकडे मदतीला आलेल्या मुलाने १ मिमी पत्रा डाव्या हाताने धरून १० चं बिट लावलं. आरपार जाताना पत्रा बिटाला चढला आणि त्याचा पंखा झाला. हातात मोजे होते, कापसाचे. मोज्याचा धागा आधी बिटात गेला, मग मोजा, मग बोट. चार टाके पडले, बोट वाचलं, हे नशीब. ड्रिलवर मोजे घालायचे नाहीत, बाही सैल नको, केस बांधलेले. चकची (बिट पकडणाऱ्या जबड्याची) किल्ली चकमध्ये विसरायची नाही. पत्रा लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये दाबून मग भोक पाडायचं. त्याने भोकही गोल येतं. नुसत्या पत्र्यात ते बहुधा त्रिकोणीच होतं, कारण धारा पूर्ण रुतायच्या आधीच टोक पलीकडे निघून गेलेलं असतं.

पातळ पत्र्याला पायऱ्यांचं बिट सगळ्यात चांगलं. फक्त पत्रा एका पायरीच्या उंचीपेक्षा पातळ हवा.

तिरपी फुली

कानसताई, +१. आता प्लायचा एक तुकडा कायम मशीनखाली ठेवतो.

चकरीवाला

पायलट भोकाबद्दल (मोठ्या भोकाआधी पाडायच्या लहान भोकाबद्दल)? मी नेहमी ३, मग ५, मग ८ असं जातो.

निवृत्त फिटर

इतके टप्पे नकोत. पायलट मोठ्या ड्रिलच्या मधल्या रेघेएवढा पुरे, कारण ती रेघच कापत नाही, नुसती रेटते. ५ च्या भोकात ८ घातलंत तर सगळा भार धारेच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर येतो. कोपरे झिजतात, नाहीतर ड्रिल हिसका मारून रुततं. आणि कोपरे एकदा गोल झाले की टोक कितीही घासा, ते भोकात अडकणारच. झिजलेला भाग संपेपर्यंत मागे घासावं लागतं.

हिसक्यावरून पितळ आठवलं. पितळेत नेहमीची धार स्वतःहून आत खेचली जाते. मी कापणाऱ्या धारेचा पुढचा काठ तेलाच्या दगडावर दोनदा घासून सपाट करतो. अशी दोन ड्रिलं वेगळी ठेवली होती, शेपटीला लाल रंग लावून. कुणी हात लावला की मी ओरडायचो.

शंकेखोर

बीडला (ओतीव लोखंडाला) तेल घालायचं का?

निवृत्त फिटर

बीड कोरडं. त्याचा भुगाच निघतो, तेल घातलं की चिखल. ॲल्युमिनियमला रॉकेल, नाहीतर धारेला चिकटून बसतं.

हौशी हातोडा

सगळा धागा वाचला. माझा साधा प्रश्न: बिटं ठेवायची कशात? मी डब्यात टाकतो.

कानस

डब्यात एकमेकांवर आपटून सगळ्यांच्या धारा जातात. लाकडाचा ठोकळा घ्या, त्यात भोकं पाडा, मापं लिहा. बिटाने पाडलेल्या भोकात तेच बिट घट्ट बसतं, म्हणून अर्धा मिमी मोठं पाडा. मी पहिला ठोकळा केला तेव्हा बिट काढायला पक्कड लागायची. वापरून झालं की तेलाचा बोळा फिरवा, हाताच्या घामाने शेपूट गंजतं आणि मग चकमध्ये नीट पकड बसत नाही.

हौशी हातोडा

चकमध्ये बिट घसरतं, ते यामुळे का?

कानस

त्याने, आणि चक एकाच छिद्रातून आवळल्याने. तिन्ही छिद्रांतून किल्ली फिरवा.

अडगळवाला

आठवडाभराने परतलो.

आधी धार. पहिल्या दिवशी १२ चं एक जुनं बिट पाऊण सेंटिमीटर आखूड केलं आणि ते काहीच कापेना. काका म्हणाले तीच टाच उंच राहिली होती. बिट टेबलावर उभं धरून हळूच फिरवलं तेव्हा दिसलं, धार हवेत आणि टाच टेकलेली. दुसऱ्या दिवशी कापायला लागलं, पण कीस एकाच फ्लूटमधून. व्हर्नियर लावला तर भोक १२.५. नटांत धरून बघितलं, एका बाजूने उजेड दिसत होता. ती बाजू तीन झटके घासली. मग दोन्हीकडून दोन गुंडाळ्या निघाल्या, एकसारख्या, सोलून काढल्यासारख्या. मी एक जपून ठेवली आहे. हसू नका.

मग स्टेनलेस. ८ चं एक कोबाल्ट आणलं, पट्टी उलटी करून बेंच ड्रिलवर पकडली, पट्टा सगळ्यात हळू पुलीवर टाकला, तेल. किंचाळणं नाही, नुसता खर्रर्र असा जाड आवाज. सहाच्या सहा भोकं एका बिटात, आणि टोक अजून शाबूत.

गंजलेली कात्री

सहा भोकांसाठी त्रेसष्ट प्रतिसाद. नसलेले मोजून.

मिलीमीटर

अभिनंदन! आता मूळ प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. १ ते १० अर्ध्या-अर्ध्या मिमीने १९ बिटं होतात, १ ते १३ घेतलात तर २५. एवढा एचएसएसचा एकच बरा संच घ्या. मग जी मापं रोज लागतात, बहुधा ३, ४, ५, ६, ८, ती सुटी दोन-दोन. ९९ नगांतली साठ तुम्ही कधी हातातच घेणार नाही. त्या डब्यातली कार्बन स्टीलची लाकडाला वापरा, लाकडात चालतात.

निवृत्त फिटर

एक राहिलं. बोल्टसाठी भोकात आटे पाडायचे तर अर्ध्या मिमीच्या संचात त्यांची काही मापं नसतात. एम४ (४ मिमीच्या बोल्ट) ला ३.३, एम५ ला ४.२, एम८ ला ६.८. ही वेगळी घ्यावी लागतात. ६.५ ने भोक पाडून एम८ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातलात तर टॅप आत मोडेल, आणि मोडलेला टॅप काढायचा धागा याच्या तिप्पट होईल. ७ ने पाडलंत तर आटे उथळ येतात, साध्या कामाला चालून जातं.

अडगळवाला

काका, ६.८ आणलं. कालच आणलं. ठोकळ्यात जागाही केली. आज सकाळपासून सापडत नाहीये.

गंजलेली कात्री

म्हणजे ती.